थोरलीचे दात

कपबशी मावशींना माणसं दातांवरून आठवत. पलीकडच्या गल्लीतला शिंपी म्हणजे त्यांच्या लेखी ‘वरचा डावा सुळा फिरलेला’, आणि बँकेतल्या मॅनेजरबाई म्हणजे ‘कडा झिजलेल्या, झोपेत दात खातात’. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी हसून ओळख करून दिली, तर त्यांनी माझं नावही ऐकलं नाही. म्हणाल्या, “परत हसा बरं एकदा.”

माझ्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दात बनवण्याची लॅब होती. मी खाली दात तासून, माप घेऊन वर पाठवायचे. त्यावर बसवायच्या टोप्या, म्हणजे क्राउन, वर तयार व्हायच्या. दाढांचं काम बाकीची मंडळी करत. समोरचे दात मात्र मावशींचे. तरुणपणी त्या चिनी मातीच्या कारखान्यात कपांच्या कडांवर निळ्या रेघा ओढत असत. तिथूनच हे टोपणनाव चिकटलं होतं. कारखाना बंद पडला आणि त्या या धंद्यात आल्या. “कप काय नि दात काय, दोन्ही ओठांनाच लागायचे,” असं म्हणायच्या आणि स्वतः मात्र ओठ मिटूनच हसायच्या.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सकाळी येऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसायच्या. काचेच्या तुकड्यावर पोर्सेलिनची पावडर कालवायची, बारीक कुंचल्याने थरावर थर चढवायचे, भट्टीत घालायचं, काढायचं, डोळ्यांपाशी धरायचं. भट्टीत माल आक्रसतो, म्हणून दात आधी थोराड करावा लागतो. त्यांच्यामागे फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. नवा माणूस त्या फळीकडे पाठ करून बसत नसे.

धाकटी माझ्याकडे आली ती तोंडावर रुमाल धरून. खरं तर तिचं वय चाळिशीचं, पण घरात दोघी बहिणी, ही लहान, म्हणून जन्मभर धाकटीच. जिन्यावरून पडली होती आणि वरचे समोरचे दोन्ही दात हिरडीलगत मोडले होते. एका दाताची नस मेली होती. तिचं रूट कॅनल केलं, पण उरलेला बुंधा काळपट पडायला लागला.

“जिन्यावरून पडलात कशा?” मी विचारलं.

“आईच्या मागे धावत होते,” ती म्हणाली. “ती रोज संध्याकाळी खाली उतरते. थोरलीला आणायला जाते म्हणे.”

थोरली, म्हणजे तिची मोठी बहीण, परगावी नोकरीला असताना तापाने गेली होती. सगळं इतक्या झटपट झालं की आईला शेवटचं दर्शनसुद्धा मिळालं नाही. त्याला कैक वर्षं लोटली. आता आईची आठवण विरत चालली होती, आणि नेमकं थोरलीचं मरणच त्यातून पुसलं गेलं होतं. सुरुवातीला धाकटी सांगायची, “आई, ती गेली गं.” आईला ते दर वेळी पहिल्यांदाच कळायचं. दर वेळी तोच हंबरडा. मग धाकटीने सांगणंच सोडून दिलं.

हे सांगून झाल्यावर तिने पर्समधून एक फोटो काढला. नाकीडोळी तिच्यासारखीच एक मुलगी, मान जराशी मागे टाकून मनमोकळी हसत होती. समोरचे दात लांबट, चौकोनी, आणि मध्ये केसाएवढी फट.

“मला असे दात करून द्या,” धाकटी म्हणाली.

लोक माझ्याकडे नटनट्यांचे फोटो घेऊन येतात, तेव्हा मी हसण्यावारी नेते. इथे मला हसू येईना. “आणि तुमचे स्वतःचे कसे होते? त्याचा फोटो?”

“माझा हसतानाचा फोटोच नाही. मी तोंडावर हात धरते.” मग म्हणाली, “डॉक्टर, आमचा चेहरा एकच आहे. फरक काय तो दातांचा. आईला एकदा थोरली भेटली, की ती जिना उतरायची थांबेल. दुसरं काही नको मला.”

मी फोटो वर नेला. मावशींनी तो खिडकीपाशी धरून निरखला.

“हयात आहे का ही?”

“नाही.”

“वाटलंच. माल कुठला वापरायचा?”

हा प्रश्न साधा नव्हता. धातूवर पोर्सेलिन चढवायचं, तर मजबुती येते, पण आतल्या धातूमुळे उजेड अडतो आणि पुढे हिरडीपाशी करडी रेघ दिसू लागते. झिर्कोनिया धातूविना, दगडासारखा कणखर, काळा बुंधा झाकून टाकणारा. पण नुसत्या झिर्कोनियाचा दात समोर बसवला तर तो बाकीच्या दातांत पाहुण्यासारखा उठून दिसतो. आणि तिसरी ती काचेची सिरॅमिक, लिथियम डायसिलिकेट. झिर्कोनियापेक्षा नाजूक, पण उजेड आत शिरू देणारी. खऱ्या दातातून जशी दुधात पाणी घातल्यासारखी झाक दिसते, तशीच तिच्यातून दिसते. अडचण एवढीच की तिच्यातून खालचा काळा बुंधाही दिसतो.

“तिन्ही करून बघू,” मावशी म्हणाल्या. “एकाच आकाराचे. कुठला बोलतो ते बघू.”

‘बोलतो’ हा त्यांचा नेहमीचा शब्द होता. त्या दिवशी तो मला कानाला कसातरी लागला.

पहिल्यांदा धातूचे दात लावून बघितले. मावशी मुद्दाम खाली आल्या होत्या. धाकटीने आरशात बघितलं, म्हणाली, “फोटोतली वाटते. म्हणजे फोटोच वाटतो.” खरंच, चेहरा चपटा, छापल्यासारखा दिसत होता. मग झिर्कोनिया. तो लावल्यावर ती दुसरीच कुणी बाई झाली, हॉटेलच्या काउंटरवर बसून सगळ्यांकडे बघून सारखंच हसणारी. “ही आमच्या घरातली नाही,” म्हणून तिने स्वतःच काढून ठेवले.

काचेच्या दातांसाठी मी आधी काळपट बुंधा आतून उजळून घेतला, वर पांढरं भरण दिलं. मग मावशींनी केलेली जोडी हलकेच बसवली आणि तिला खिडकीकडे तोंड करायला सांगितलं. समोरचे दात नीट बसलेत का, हे आम्ही बोलायला लावून तपासतो. मी म्हटलं, “म्हणा, सात, सतरा, सत्तावीस.”

“सात,” ती म्हणाली, आणि ‘स’वर बारीक शीळ वाजली.

मधल्या फटीतून हवा जाते, तशी शीळ वाजणारच, त्यात नवल काही नाही. पण धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“थोरलीचा ‘स’ असाच होता,” ती हळूच म्हणाली. “मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.”

मी म्हटलं, “फट थोडी बुजवू या का?”

“नको, असू दे,” धाकटी म्हणाली. तेही शीळ घालतच. मग ती हसली. मान जराशी मागे टाकून, मनमोकळी. आजवर ती माझ्यासमोर तोंडावर हात न धरता एकदाही हसली नव्हती.

दात पक्के बसवले. ती जिना उतरून गेली तेव्हा मावशी म्हणाल्या, “डॉक्टर, चालही बदलली तिची. दात काय चाल बदलतात?”

पुढे काही आठवडे सगळं छान चाललं होतं. धाकटी तपासणीला आली ती खुशीत. आईने तिला दारातच ओळखलं होतं, थोरली म्हणून. गालांवरून हात फिरवला, “किती वाळलीस गं,” म्हणाली, पोटभर जेवली, गाढ झोपली. संध्याकाळी जिना उतरणं बंद झालं. थोरलीचे जुने कपडे आईने ट्रंकेतून काढून दिले आणि धाकटी ते घालू लागली. जेवायला थोरलीच्या जागेवर बसू लागली. मला बरं वाटलं. मावशींना मात्र चैन नव्हतं. त्या फोटोतली मुलगी त्यांना ठिकठिकाणी दिसू लागली होती: भाजीच्या रांगेत, समोरच्या फुटपाथवर, एकदा तर लॅबच्या दाराच्या काचेत. “ती धाकटीच असेल, इथूनच जाते-येते ती,” मी समजावलं. “असेल,” मावशी म्हणाल्या. “पण मला बघून हात तोंडावर नेत नाही.”

मग एक दिवस दुपारी दवाखान्यात फोन आला. मीच उचलला.

“नमस्कार डॉक्टर, मी थोरली बोलतेय.”

शीळ अगदी स्वच्छ ऐकू येत होती.

“कोण?”

“थोरली. मला जरा वेळ हवा होता. हे दात काढून टाकायचे आहेत.” पलीकडून श्वास ऐकू येत होता. थोड्या वेळाने घाबऱ्या आवाजात: “डॉक्टर, मी आत्ता कोण म्हणाले?”

मी तिला लगेच बोलावून घेतलं आणि मावशींनाही हाक मारली. खुर्चीत न बसता ती भिंतीला टेकून उभी राहिली.

“आई परत वाट बघायला लागली, खिडकीत उभी राहते,” ती म्हणाली. “मी म्हटलं, आता कुणाची वाट बघतेस, मी आले ना? तर म्हणते, धाकटी अजून आली नाही.”

मी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला, तो तिने घेतला नाही.

“रोज ताट वाढून झाकून ठेवते माझ्यासाठी. मी थोरली म्हणून जेवते, आई झोपली की ते दुसरं ताटही संपवते. नाहीतर सकाळी रडते, पोरगी उपाशी राहिली म्हणून. माझी खोली कुलूप लावून ठेवली आहे, धाकटीच्या वस्तूंना कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही.” तिने ओठ मिटून घेतले आणि परत उघडले. “आणि मला थोरली समजून माझ्याबद्दलची खंत मलाच सांगते. मी तिला फार बोलायचे गं, म्हणून निघून गेली, म्हणते. सगळा भार तिने उचलला आणि मी नाव तुझंच घेत राहिले, म्हणते. हे मला एवढ्या वर्षांत एकदाही म्हणाली नव्हती. ऐकते आणि उत्तर देता येत नाही. मी मेल्यावर माझ्याच घरी आल्यासारखं वाटतं, डॉक्टर. काल आरशात बघून मला धाकटी कशी दिसायची, ते आठवेना.”

“काढून टाकू,” मी म्हटलं. “पण त्या जागी कसे करायचे? तुमच्या जुन्या दातांचं माप माझ्याकडे नाही. तुम्ही आलात तेव्हा नुसते बुंधे होते.”

कोपऱ्यातून मावशी म्हणाल्या, “आईला विचारू.”

“तिला काय आठवणार?”

“वाट बघते ना? मग कुणाची बघते, हे तिला ठाऊक असणार.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावरचं नीटनेटकं घर, दोन खोल्या नि स्वयंपाकघर, त्यातली एक खोली कुलूपबंद. आई खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या, केस विंचरलेले, हात मांडीवर. थोरलीचा फिका हिरवा ड्रेस घातलेली धाकटी चहा करायला आत गेली.

मावशी सरळ त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. पिशवीतून प्लास्टरचा साचा, मेण आणि छोटी सुरी काढली. “ताई, मी दात करते. तुमच्या धाकटीचे करायचे आहेत. कसे होते सांगाल?”

मला वाटलं, आई गोंधळतील. पण त्या चटकन सावरून बसल्या, कुणी आवडीचा विषय काढावा तशा.

“धाकटीचे? डावा जरासा पुढे. दाराआडून डोकावल्यासारखा. लहानपणी सगळे चिडवायचे, म्हणून हात धरते तोंडावर. मी ओरडते, हात काढ. चांगली हसते गं, पण हात काढेल तर शपथ.”

मावशींनी मेण कोरायला सुरुवात केली. आई वाकून बघत होत्या. “एवढा नाही. थोडा आत. हां. आणि उजव्याचा कोपरा गोल करा, तिच्या बाबांसारखा. दोघांच्या मध्ये फट नाही. फट थोरलीला.”

तेवढ्यात धाकटी चहा घेऊन आली. आईंनी तिचा हात धरून बाजूला बसवलं. “सांग ना गं यांना. तुला माहीत आहे तुझी बहीण कशी हसते.”

ट्रेमधले कप किणकिणले. मी तो पटकन तिच्या हातातून घेतला. धाकटी बहिणीच्या दातांनी, बहिणीच्या शिळेने, स्वतःबद्दल सांगू लागली. “साधी आहे ती. सगळ्यांच्या मागून हसते. आधी बघते, कुणी बघतंय का, मग हसते.”

“अगदी बरोबर!” आई खूश झाल्या. “बघा, बहिणीलाच माहीत असतं.”

मावशींची मान खाली होती. मेणाचा बारीक भुगा त्यांच्या मांडीवर पडत होता. शेवटी त्यांनी साचा वर धरला. आईंनी तो दोन्ही हातांत घेतला, उजेडाकडे फिरवला आणि मेणाच्या त्या दोन दातांवरून अंगठा फिरवला. “हीच ती. कुठे सापडली तुम्हाला?”

मावशींनी सुरी पिशवीत ठेवली.

मग आई बाजूला वळल्या, धाकटीच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिल्या, आणि अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, “ती येणार आहे. आता तू निघ बाळा. फार दिवस थांबलीस माझ्यासाठी.”

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मग तिने खाली वाकून आईला मिठी मारली आणि म्हणाली, “येते, आई.” आईंनी तिची पाठ थोपटली. “सावकाश जा. हसत जा.” ती हसली, मान मागे टाकून, आणि आमच्याबरोबर जिना उतरली. खाली येईपर्यंत ती रडली नाही. खाली आल्यावर मावशींच्या खांद्यावर डोकं ठेवून किती वेळ रडली कोण जाणे.

काचेचे दात अखंड काढता येत नाहीत, चिरून तुकड्यांनीच काढावे लागतात. मी मशीन लावलं, तेव्हा खोलीत मावशीही होत्या. दुसरा दात सुटताना धाकटीच्या घशातून एक आवाज निघाला. तिला दुखण्यासारखं काही नव्हतं, मी भूल दिलेली होती. नंतर विचारलं तर म्हणाली, “मी नाही आवाज केला.” मावशींनी तुकडे चिमट्याने गोळा केले आणि माझ्याकडे न बघता घेऊन गेल्या. त्यांचं काय केलं, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

नवे दात त्यांनी वेगळ्या तऱ्हेने केले. तेवढे दिवस धाकटी मावशींकडेच राहिली, आईजवळ शेजारीण होती. आत झिर्कोनियाचा पातळ गाभा, वर पोर्सेलिनचे हाताने चढवलेले थर. मी म्हटलं, काचेच्यात जी जान येते ती यात थोडी कमी पडेल.

“पडू दे,” त्या म्हणाल्या. “काचेत उजेड शिरतो, डॉक्टर. आणखी काय शिरतं, ते मी बघितलं. ही बाई जिवंत आहे, तिला माझ्या दातांनी जान द्यायची गरज नाही. तिला टिकणारे दात हवेत.”

डावा जरासा पुढे, उजव्याचा कोपरा गोल. बसवून झाल्यावर धाकटीने आरसा मागितला आणि बघता बघता हात तोंडाकडे गेला. अर्ध्या वाटेतून तिने तो स्वतःच खाली घेतला.

ती घरी पोचली तेव्हा आई खिडकीतच होत्या. मला हे तिनेच नंतर सांगितलं. आई उठून दारात आल्या आणि म्हणाल्या, “आलीस? ताट झाकलंय.” धाकटी जेवली. जेवता जेवता तिने सगळा धीर एकवटून म्हटलं, “आई, थोरली गेली गं.”

तिला वाटलं, आता तोच हंबरडा येणार. आई भांड्यात पाणी ओतत होत्या. ओतून झाल्यावर म्हणाल्या, “माहीत आहे. मीच तिला निरोप दिला. चांगली हसत गेली.”

त्यानंतर त्यांनी थोरलीची वाट बघितली नाही. बाकी सगळं विसरत गेल्या. दिवस, वार, शेवटी शेवटी चमचा कसा धरायचा तेही. पण हे विसरल्या नाहीत. गेल्या तेव्हा धाकटी उशाशी होती आणि तिला धाकटी म्हणूनच हाक मारत गेल्या. धाकटी अजून वर्षातून एकदा दात दाखवायला येते. दात उत्तम आहेत. हिरडी गुलाबी, कुठे ओरखडा नाही.

मावशींनी मात्र त्या कामानंतर लॅबच्या मालकाला सांगून टाकलं, “यापुढे मला मागचे दात द्या. दाढा.” मालक चाट पडला, मीही पडले. समोरच्या दातांना त्यांच्यासारखा हात साऱ्या गावात नव्हता. मी वर जाऊन विनवण्या केल्या. त्या एका भल्यामोठ्या दाढेच्या खाचा कोरत होत्या, चष्मा नाकावर उतरलेला.

“दाढांचं बरं असतं, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “चावतात, दळतात, तोंडाच्या अंधारात पडून राहतात. त्यांना बघून कुणी कुणाला ओळखत नाही.”

मी काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी दाढ उजेडात धरली, चारी बाजूंनी फिरवून बघितली आणि भट्टीचं दार उघडलं.